‘राजा निर्दोष सुटले, मग तुम्ही अजून का उगाळताय?’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

काका, तुमची प्रतिक्रिया एवढी सविस्तर आहे की ‘धन्यवाद’ म्हणून मोकळं होणं बरं दिसणार नाही. लेख होता टूजीच्या, म्हणजे मोबाइल परवान्यांच्या वाटपाच्या खटल्यातले माजी दूरसंचारमंत्री ए. राजा यांच्या कारकिर्दीवर, आणि कंपन्यांचा जनसंपर्क सांभाळणाऱ्या नीरा राडियांच्या फोन टेपांवर. तुमचे आक्षेप तीन. कोर्टाने राजांना निर्दोष सोडलं तरी मी शिळ्या कढीला ऊत आणतो. त्यांच्याच काळात गरिबाच्या हातात मोबाइल आला, ते मी सांगत नाही. आणि आपले कांदावाले दिल्लीला गेले की मी टाळ्या वाजवतो, दुसरे गेले की त्याला लॉबिंग (सरकारदरबारी आपल्या फायद्यासाठी वजन वापरणं) म्हणतो. शेवटी ‘नाशकात बसून दिल्लीच्या गप्पा’ हा टोलाही आहेच. तुमची उभी हयात टेलिफोन खात्यात गेली, तेव्हा स्पेक्ट्रम (मोबाइलला लागणाऱ्या रेडिओलहरी) म्हणजे काय ते मी तुम्हाला सांगत बसत नाही.

आधी निकाल. २१ डिसेंबर २०१७ ला सीबीआयच्या विशेष न्यायालयाचे न्यायाधीश ओ. पी. सैनी यांनी राजा, त्यांच्याच द्रमुक पक्षाच्या कनिमोळी आणि बाकी सगळ्या आरोपींना सोडलं. सात वर्षं, उन्हाळ्याच्या सुट्टीतसुद्धा, आपण सकाळी दहा ते संध्याकाळी पाच कोर्टात बसून होतो, कायद्यात टिकेल असा पुरावा घेऊन कुणीतरी येईल म्हणून वाट पाहिली, पण व्यर्थ, असं त्यांनी निकालपत्रात लिहिलंय. हे लेखात होतं. राजांनी पैसे खाल्ले असं माझं एकही वाक्य तुम्हाला दाखवता येणार नाही. १ लाख ७६ हजार कोटींचा आकडाही मी ‘लूट’ म्हणून वापरलेला नाही. सरकारी हिशोब तपासणाऱ्या कॅगच्या अहवालात सरकारच्या नुकसानीचे अंदाज अनेक होते, त्यातला हा सगळ्यात मोठा. सीबीआयचं अपील दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२४ मध्ये सुनावणीला घेतलं, म्हणजे तो विषय अजून मिटलेला नाही.

पण २ फेब्रुवारी २०१२ ला सर्वोच्च न्यायालयाने राजांच्या काळात कंपन्यांना दिलेले मोबाइल सेवेचे १२२ परवाने रद्द केले, ते तुमच्या प्रतिक्रियेत कुठेच नाही. तिथला प्रश्न लाच घेतली की नाही हा नव्हता, वाटप सरळ झालं का हा होता. राजा सुटले म्हणून ते परवाने काही परत आले नाहीत.

ते वाटप कसं झालं ते पुन्हा बघा. अर्ज घ्यायची जाहीर केलेली शेवटची तारीख १ ऑक्टोबर २००७. ती नंतर मागे ओढून २५ सप्टेंबर केली. मग १० जानेवारी २००८ ला दुपारी पावणेतीनच्या सुमाराला खात्याचं प्रसिद्धिपत्रक आलं, की साडेतीन ते साडेचारमध्ये खात्याच्या मुख्यालयात, संचार भवनात, येऊन परवान्याची पत्रं घेऊन जा. देशभराच्या परवान्याची फी सुमारे १,६५८ कोटी, तीही २००१ च्या भावाने. कॅगने नोंदवलंय की काही अर्जदारांकडचे डिमांड ड्राफ्ट आधीच्याच तारखांचे होते. तुम्ही सरकारी खात्यात होतात. एवढ्या रकमेचा ड्राफ्ट पाऊण तासात निघतो का, हे तुम्हीच सांगा. लासलगावला एक ट्रॉली कांदा असला तरी व्यापारी मूठभर कांदा उचलून बघतो, बोली सगळ्यांसमोर पुकारली जाते आणि शेतकरी बाजूला उभं राहून ऐकतो. भाव पडला तर शिव्या घालतो, पण कुणी किती बोललं ते त्याच्या कानांनी ऐकलेलं असतं. लिलाव हाच एकमेव मार्ग नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१२ मध्ये म्हटलं, ते मान्य. पण पाऊण तासाचा मार्ग योग्य, असं कुणीच म्हटलेलं नाही.

फोन स्वस्त झाला यावर वाद नाही. कंपन्या वाढल्या, २००९ मध्ये सेकंदावर बिल सुरू झालं आणि दर कोसळले. पण राजाच मंत्री असताना २०१० मध्ये थ्रीजीचा लिलाव झाला आणि सरकारला सुमारे ६७,७०० कोटी मिळाले, हेही तुमच्या हिशोबात धरा.

आता राडिया. मला खरी उत्सुकता तिथेच आहे. राजा १९९६ मध्ये पेरंबलूरहून पहिल्यांदा खासदार झाले, वाजपेयींच्या सरकारात राज्यमंत्री, २००४ ला पर्यावरण, मे २००७ मध्ये आधीचे मंत्री दयानिधी मारन यांनी राजीनामा दिल्यावर दूरसंचार. २००९ च्या निवडणुकीनंतर हे खातं कुणाला द्यायचं यावर जे फोन झाले, त्यात टाटा आणि रिलायन्सचं जनसंपर्काचं काम बघणाऱ्या या राडियाबाईंचा आवाज आहे. आयकर खात्याने त्यांचा फोन टॅप केला होता म्हणून ते आपल्याला कळलं. खटल्यात त्या आरोपी नव्हत्या, सरकारी साक्षीदार होत्या. टेपांवरून केलेल्या १४ प्राथमिक चौकश्यांत गुन्हा आढळला नाही, असं सीबीआयने २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयात सांगितलं. गुन्हा नाही, ठीक. मग मंत्रिमंडळ बनत असताना उद्योगपतींचा माणूस फोनवर काय करत होता, हे विचारायचं कुणाला? पोलिसांत तक्रार देण्याजोगं ते नाही, आणि दुसरीकडे नोंद कुठेच नाही.

कांद्याचा मुद्दा तुम्ही नेमका काढलात. ऑगस्ट २०२३ मध्ये निर्यातीवर ४० टक्के शुल्क लागलं, बाजार समित्यांत लिलाव बंद पडले, निवेदनं दिल्लीला गेली. अशा निवेदनाची प्रत गावोगावच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर फिरते. दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो, खाली ‘डावीकडून’ म्हणत सगळ्यांची नावं. कोण गेलं, काय मागितलं, कधी मागितलं, सगळं चव्हाट्यावर. आणि मागून मिळालं काय? डिसेंबरमध्ये थेट निर्यातबंदी! मला या जाण्याबद्दल तक्रार नाही, आणि कंपन्यांनी असं उघड जावं याबद्दलही नाही.

तक्रार एप्रिल २०२४ सारख्या प्रकाराबद्दल आहे. बंदी चालू असताना २,००० टन पांढऱ्या कांद्याला परवानगी मिळाली, आणि अट अशी की दाखला गुजरातच्या फलोत्पादन आयुक्तांचा हवा. आपल्याकडे संताप झाला. सहा देशांना जाणाऱ्या ९९,१५० टनांत मुख्यतः महाराष्ट्राचाच कांदा आहे, असा खुलासा केंद्राने केला. असेल. पण ते २,००० टन कुणी, कुठल्या दालनात, कुठल्या तारखेला मागितले? आपल्या व्यापाऱ्यांच्या आणि निर्यातदारांच्याही ज्या भेटींचा फोटो छापून येत नाही, त्यांनाही माझा हाच प्रश्न आहे. त्यात जिल्हा, पक्ष बघायचं कारण नाही.

अमेरिकेत १९९५ पासून लॉबिंगच्या नोंदीचा कायदा आहे. वॉलमार्टने तिथल्या संसदेला दिलेल्या कागदांत भारतातल्या गुंतवणुकीचा विषय होता, म्हणून डिसेंबर २०१२ मध्ये आपल्या संसदेत गोंधळ झाला. (त्यातला २.५ कोटी डॉलरचा आकडा चार वर्षांच्या सगळ्याच विषयांचा मिळून होता. आपल्या पेपरांनी तो एकट्या भारताच्या नावावर टाकला.) न्या. मुकुल मुद्गल यांची चौकशी बसली आणि हाताला ठोस काही लागलं नाही. २०१३ मध्ये ओडिशाचे खासदार कलिकेश सिंगदेव यांनी लॉबिंग उघड करण्याचं खासगी विधेयक आणलं, तेही मंजूर झालं नाही. आणि टूजीचा तपास करणाऱ्या सीबीआयचे संचालक रणजित सिन्हा यांना सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०१४ मध्ये त्या तपासापासून दूर केलं, ते प्रकरण कशावरून उभं राहिलं? त्यांच्या बंगल्याच्या गेटवरच्या वहीवरून. कोण आलं, किती वाजता आलं, एवढंच त्यात होतं.

लेख काढून टाका, असं तुम्ही म्हणता. काढणार नाही. उच्च न्यायालयाचा निकाल लागला की, काहीही लागो, तारखेसकट लेखाच्या डोक्यावर टाकीन. तुमची प्रतिक्रियाही आहे तशी राहील. एक विनंती मात्र आहे. घरी फोन यायला वर्षानुवर्षं लागायची तेव्हा खासदाराच्या पत्रावर कुणाचा नंबर वर यायचा, हे तुम्ही टेबलाच्या पलीकडून पाहिलंय. ते लिहून पाठवा, नावं गाळून. इथेच छापतो.