त्या पुस्तकाला नंबर लावायचाय

गेल्या शनिवारी वाचनालयात कॉलेजातल्या तीन मुली आल्या. एकीनं मोबाइल माझ्यासमोर धरला आणि विचारलं, "काकू, हे आहे का तुमच्याकडे?" रीलमध्ये मालिकेतली एक अभिनेत्री पुस्तक हातात घेऊन बोलत होती. मुखपृष्ठ मी लगेच ओळखलं. चाळीसेक वर्षांपूर्वीचं एका बाईंचं आत्मचरित्र. आमच्याकडे त्याची एकच प्रत, आणि तीही बाहेर गेलेली.

गोरेगावात घराजवळच्या वाचनालयात मी दर शनिवारी संध्याकाळी काउंटरला बसते. त्या प्रतीच्या मागे चिकटवलेली तारखांची चिठ्ठी मला पाठ आहे. मधली नऊ वर्षं तिच्यावर एकही शिक्का नाही. रील आल्यापासून ती चिठ्ठी भरली, तिच्यावर दुसरी चिकटवली. बाइंडिंग सुटलं म्हणून आठवडाभर पुस्तक थांबवलं, तर दोघांचे फोन आले.

आमचे काही जुने सभासद म्हणतात, नट-नट्यांचं ऐकून वाचणारे कसले वाचक! मला हे अजिबात पटत नाही. आपणही कुणीतरी सांगितलं म्हणूनच वाचायला लागलो ना? मला आमच्या शाळेच्या ग्रंथपाल बाईंनी सांगितलं होतं. या मुलींना ते फोनमधून कळलं, पण पाय वाचनालयाकडेच वळले.

अमेरिकेत टीव्हीवर मुलाखतींचा कार्यक्रम करणाऱ्या ओप्रा विन्फ्रेनं १९९६ मध्ये टीव्हीवर बुक क्लब सुरू केला. ती नाव घेईल ते पुस्तक दुकानांतून उडायचं. २००४ मध्ये तिनं टॉल्स्टॉयची एकोणिसाव्या शतकातली जाडजूड कादंबरी निवडली आणि तीसुद्धा खपाच्या यादीत वर गेली. पुढे २०१७ मध्ये अभिनेत्री रीझ विदरस्पूनचा क्लब आला, २०१९ मध्ये टीव्ही निवेदिका जेना बुश हेगरचा. मला यातलं सगळ्यात मोलाचं वाटतं ते वेगळंच. ओप्रानं निवडलेल्या पुस्तकाच्या १०,००० प्रती प्रकाशकांनी तिथल्या वाचनालयांना मोफत द्यायच्या, अशी पद्धत होती. म्हणजे नुसती मागणी उठवून दिली नाही, पुस्तकं पोचवलीही. शिवाय एखाद्या पुस्तकाला फार नंबर लागले की तिथली बरीच वाचनालयं जादा प्रती घेतात.

आपल्याकडे १९६७ चा सार्वजनिक ग्रंथालय कायदा आहे. वाचनालयांना अ, ब, क, ड असे वर्ग आहेत आणि वर्गाप्रमाणे अनुदान. त्यातून पगार, वीजबिल आणि उरलंसुरलं पुस्तकांना. आमची खरेदी वर्षातून एकदोनदा होते. तोवर त्या रीलवर दुसऱ्या पन्नास रील्स येऊन गेलेल्या असतात. आणि मराठीत तर वेगळीच अडचण. दुकानात विचारलं की उत्तर येतं, "आवृत्ती संपली." मग ते पुस्तक उरतं कुठे? वाचनालयाच्या कपाटात, एकुलतं एक, पिवळ्या पानांचं. त्या तीन मुलींना दादरच्या दुकानातूनच आमच्याकडे पाठवलं होतं.

म्हणून माझी या कलाकारांना मनापासून विनंती आहे. पुस्तकांबद्दल बोला, खूप बोला, तुमच्या एका वाक्यानं धूळ झटकली जाते हे मी डोळ्यांनी बघितलंय. फक्त रील करण्याआधी प्रकाशकाला एक फोन करा, प्रती शिल्लक आहेत का विचारा. संपल्या असतील तर नवी आवृत्ती काढायला तुमच्या शब्दाला आमच्यापेक्षा जास्त वजन आहे. शेवटी एवढं म्हणा की जवळच्या वाचनालयात चौकशी करा. आणि जमलं तर पाच-दहा प्रती मुंबईतल्या वाचनालयांना देऊन टाका. एका प्रतीला किमान वीस-पंचवीस वाचक मिळतील. घरी विकत घेतलेल्या पुस्तकाला इतके कुठे मिळतात?

काउंटरवरच्या आम्हा लोकांनाही सांगायचंय. "बाहेर आहे" म्हणून वही मिटू नका. त्या दिवशी मी तिघींना आत कपाटापाशी नेलं. बायकांची आत्मचरित्रं एका फळीवर सलग लावलेली आहेत. एक मुलगी तिथेच जमिनीवर बसून वाचायला लागली. सात वाजता दिवे मालवायची वेळ झाली तरी उठेना. जाताना अनामत किती, वर्गणी किती विचारून अर्ज भरून गेली.

मागणीच्या वहीत तिचा सातवा नंबर आहे. माणशी पंधरा दिवस धरले तरी तीन महिने. तोवर तिला एकामागून एक काय द्यायचं, त्याची यादी मी करायला घेतलीये. आत्तापर्यंत नऊ नावं झालीत.