जंतूंना शिकवणी लावा

दोन शिंका आल्या, घसा खवखवला, की डॉक्टरकडे मुळीच जाऊ नये. तिथे तासभर ताटकळायचं, पैसे मोजायचे आणि शेवटी ऐकायचं काय, तर 'व्हायरल आहे, गुळण्या करा, चार दिवसांत जाईल.' गुळण्याच करायच्या तर मीठ घरात आहे. त्यापेक्षा नाक्यावरचा केमिस्ट गाठावा आणि 'अ‍ॅझी पाचशे' एवढंच म्हणावं. आवाजात जुन्या गिऱ्हाइकाचा हक्क हवा. अँटिबायोटिक व्हायरसला मारत नाही, असं कुणी सांगेल. आपल्याला त्याला मारायचं कुठे आहे? आपल्याला सोमवारी ऑफिस आहे.

पूर्ण स्ट्रिप घेऊ नये. 'दोनच कापून द्या' म्हटलं की कात्री बाहेर येते. चिठ्ठीशिवाय घेऊ नका असं बजावणारी उभी लाल रेघ बिचारी मधोमध कापली जाते, एक्स्पायरीची तारीख दुसऱ्या तुकड्याबरोबर दुकानातच राहते. दुसऱ्या दिवशी बरं वाटलं की उरलेली गोळी बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात, सुईदोऱ्याशेजारी ठेवावी.

या पद्धतीचा पाया फार थोर माणसाने सांगून ठेवला आहे. १९२८ मध्ये पेनिसिलिन शोधणारे अलेक्झांडर फ्लेमिंग १९४५ मध्ये नोबेल घ्यायला गेले आणि त्या भाषणात त्यांनी एका 'क्ष' गृहस्थाची गोष्ट सांगितली. याचा घसा दुखतो. तो आपणच पेनिसिलिन आणतो आणि घेतो थोडंसंच. जंतू मरतील एवढं नाही, शिकतील एवढं. मग तेच जंतू बायकोकडे जातात, तिला न्यूमोनिया होतो, पेनिसिलिन चालत नाही आणि ती जाते. बारकाईने पाहा, गोष्टीत मरते ती बायको. गोळी खाणाऱ्याचं काही बिघडल्याचं फ्लेमिंगसाहेबांनी सांगितलेलं नाही.

'कोर्स' हा शब्द उगाच आलेला नाही. आपण मुलांना दादरला क्लास लावतो, तसाच पोटातल्या जंतूंना लावायचा. कच्चे विद्यार्थी पहिल्याच गोळीत गळतात, चिवट उरतात आणि वर्ग त्यांचाच होतो. शिवाय हे आपल्या मुलांसारखे नोट्स झाकून बसत नाहीत. प्रतिकाराचं जनुक शेजारच्या बाकावर, अगदी परक्या जातीच्या जंतूलाही, सरकवून देतात. फी एकाने भरायची, पास सगळ्यांनी व्हायचं.

पण एकट्याने खाण्यात काय पुण्य? सोसायटीच्या ग्रुपवर कुणाला ताप आला की तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी 'माझ्याकडे तीन आहेत, नातवाबरोबर पाठवते' असं लिहावं. हळदीकुंकवाला स्टीलच्या वाट्यांचा सगळ्यांना कंटाळा आलाय. यंदा वाण म्हणून अर्धी-अर्धी स्ट्रिप द्यावी.

कुणी हटकलंच तर आफ्रिका तोंडावर फेकावी. नायजर, मलावी आणि टांझानियात पाच वर्षांखालच्या मुलांना वर्षातून दोनदा अ‍ॅझिथ्रोमायसिनचा, म्हणजे आपल्याच 'अ‍ॅझी'चा, एकेक डोस सरसकट दिला, आणि २०१८ मध्ये निकाल छापून आला: बालमृत्यू १३.५ टक्क्यांनी कमी. इथे थांबावं. पुढे असं आहे की त्यांनी मुलं मोजली, नमुने घेऊन जंतू तपासले, आणि नायजरमध्ये औषधाला न जुमानणारे जंतू वाढलेले दिसले. म्हणून २०२० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने ही मुभा दिली ती एक ते अकरा महिन्यांच्या बाळांपुरती, तीही जिथे हजारात ८० हून जास्त मुलं पाच वर्षांची होण्याआधीच जातात किंवा ६० हून जास्त तान्ही बाळं दगावतात अशा ठिकाणी, आणि प्रतिकारावर नजर ठेवायच्या अटीवर. आपली मोहीम पार बोरिवलीपर्यंत पसरली तरी आपण काही मोजत नाही. मोजलं की वाढलेलं दिसतं.

एक गोळी मात्र चुकूनही घेऊ नये: पालिकेची. पावसाळ्यात मुंबईत हिंदमाताला गुडघाभर पाण्यातून चालून आलात की पालिका लेप्टो, म्हणजे तुंबलेल्या पाण्यातून होणारा ताप, येऊ नये म्हणून डॉक्सीसायक्लिन हे अँटिबायोटिक घ्यायला सांगते, ७२ तासांच्या आत. देण्याआधी चौकशा: पाण्यातून किती चाललात, पायाला जखम होती का. एवढं विचारून, तेही फुकट! अशा गोळीत काही दम असेल का? शिवाय ती 'गरम पडते', असं काकू म्हणतात.

मुंबईला या विषयात कुणी कच्चं समजू नये. २०११ संपता संपता हिंदुजा रुग्णालयातल्या डॉक्टरांनी चार क्षयरुग्णांची माहिती छापली. तपासून पाहिलेलं एकही औषध त्यांच्या जंतूंना लागू पडत नव्हतं. इतका अभ्यास एका रात्रीत होत नाही. त्यामागे वर्षानुवर्षांच्या चुकीच्या चिठ्ठ्या आणि अर्धवट कोर्स असावे लागतात.

उद्या घरातल्या आजीला लघवीचा संसर्ग होईल आणि कल्चरचा, म्हणजे कुठलं औषध जंतूंना लागू पडतं त्याचा, रिपोर्ट येईल. डावीकडे औषधांची यादी, उजवीकडे वरपासून खालपर्यंत आर, आर, आर. आर म्हणजे रेझिस्टंट, हे आजीला सांगू नये. आर म्हणजे आराम, असं सांगावं. मग रिपोर्ट घेऊन नाक्यावर जावं, काउंटरवर पसरावा आणि नेहमीच्याच आवाजात म्हणावं, 'यात जे नाही, ते द्या. दोनच.'