थर्मोस्टॅट काढायला सांगितलं कोणी?

“थंडीत ॲव्हरेज पडतंच हो साहेब!” हे वाक्य काल पुन्हा कानावर आलं आणि डोकंच सणकलं. नाशिकच्या एका गॅरेजमधून नुकतीच सुटलेली 1200 सीसीची पेट्रोल गाडी. लिटरला 17 देणारी ती आता 14 वर आलीय. थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापेपर्यंत पाणी अडवून धरणारा व्हॉल्व्ह, ज्या हाऊसिंगमध्ये बसतो त्याचे दोन बोल्ट काढले, तर आत थर्मोस्टॅट नाहीच! नुसतं भोक, आणि गास्केटच्या जागी सिलिकॉन फासलेलं. मालकाला पत्ता नाही, बिलावर फक्त ‘कूलिंगचं काम’. गाडी गरम होते म्हणून दिली होती. बिघाड होता फॅन चालू-बंद करणाऱ्या रिलेत, आणि काढून फेकला चांगला चालणारा व्हॉल्व्ह!

गॅरेजवाल्याला विचारलं तर उत्तर काय, “आपल्याकडे गरज नसते, ते फॉरेनच्या थंडीसाठी.” अरे, निफाडात पारा पाच-सहावर येतो तो काय फॉरेनचा? आणि थंडीचं सोडा, भर मे महिन्यातही तो व्हॉल्व्ह लागतोच. 82-88 अंशांपर्यंत तो पाणी रेडिएटरकडे जाऊ देत नाही, म्हणून इंजिन पटकन तापतं. गार इंजिनात पेट्रोलची नीट वाफ होत नाही, ते पोर्टला (सिलिंडरमध्ये हवा येण्याच्या वाटेला) आणि सिलिंडरच्या भिंतींना चिकटतं. म्हणून ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, मुद्दाम जास्त पेट्रोल सोडतो आणि तापमान वाढलं की हात आखडता घेतो. इथे तापमान वाढतच नाही! हायवेला ऐंशीच्या स्पीडला स्कॅनरवर कूलंट, म्हणजे इंजिनातून फिरणारं ते पाणी, 58 अंश. इंजिन अजून गारच आहे असं समजून ईसीयू पेट्रोल ओततोय, आणि पी-0128, म्हणजे ‘कूलंट पुरेसं तापत नाही’ असा कोड टाकून ओरडतोय. तो कोड पुसून गाडी मालकाच्या हातात! ऑइलच्या झाकणाखाली पांढरट साय धरलीय, कारण ओल उडून जायला ऑइल तापायला लागतं. न जळलेलं पेट्रोल त्याच ऑइलमध्ये उतरतं ते वेगळंच.

थंडीत ॲव्हरेज पडतं, मान्य. अमेरिकन सरकारचा आकडा आहे, उणे 7 अंशांना शहरात पेट्रोल गाडीचं साधारण 15 टक्क्यांनी घटतं. उणे 7! इथे नाशिकच्या 9 अंशांत साडेसतरा टक्के गेले, आणि खापर हवेवर!

तीच गत ऑइलची. कंपनी पातळ 0डब्ल्यू-20 सांगते, हे 20डब्ल्यू-50 ओततात, “जाड चांगलं” म्हणून. सकाळी ते घट्ट ऑइल ढकलायलाही पेट्रोलच जळतं. हवेचं तर विचारूच नका. तापमान 10 अंशांनी उतरलं की टायरमधली हवा दीड पीएसआयने उतरते. मे महिन्यात 33 भरलेली हवा डिसेंबरच्या पहाटे 29 वर येते, आणि पंक्चरवाला टायरला लाथ मारून सांगतो, “बरोबर आहे.” गेज कशाला ठेवलाय मग? सोसायटीत पंधरा-पंधरा मिनिटं गाडी जागेवर घुरघुरवत ठेवणारेही तसलेच. अर्धं मिनिट पुरतं, मग हळू चालवा, चालती गाडी लवकर तापते.

सकाळी गार गाडी सुरू करा आणि रेडिएटरच्या वरच्या होजला हात लावा, फॅनपासून बोटं लांब ठेवून. होज काही मिनिटं थंड राहून मग एकदम तापला पाहिजे. पहिल्यापासूनच हळूहळू कोमट होत गेला, तर व्हॉल्व्ह उघडा अडकलाय किंवा जागेवरच नाही. नवा टाकताना त्यावर छापलेले अंश तुमच्या मॉडेलचेच हवेत, हवेचं छोटं भोक वरच्या बाजूला, गास्केट नवं. कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं, नळाचं पाणी अजिबात नाही. शेवटी सिस्टीममधली हवा काढून घ्या. आणि काढलेला जुना पार्ट हातात आल्याशिवाय बिल देऊ नका.