मेटा ओळ टाकली, तरी अक्षरं बिघडलेलीच?

फ्रेंच, जर्मन, पोलिश मजकूर असलेल्या संकेतस्थळावर अक्षरं बिघडली की एक ठरलेला सल्ला मिळतो: ‘हेडमध्ये यूटीएफ-८ची मेटा ओळ टाका. नाही जमलं तर फॉन्ट बदला. तरीही नाही तर डेटाबेसचं टेबल यूटीएफ-८मध्ये कन्व्हर्ट करा. पान नीट दिसलं की काम झालं.’ यातली तिसरी सूचना आंधळेपणाने पाळली, तर सहज बरा होणारा मजकूर आणखी बिघडतो.

मेटा ओळीपासून सुरुवात करू. संगणक प्रत्येक अक्षर आकड्यांत, म्हणजे बाइटांत, साठवतो; कोणत्या अक्षराला कोणते बाइट हे ठरवणारी पद्धत म्हणजे एन्कोडिंग, आणि यूटीएफ-८ हे त्यातलंच एक. पानाच्या कोडमधली मेटा ओळ बाइट बदलत नाही, ते कसे वाचायचे एवढंच ब्राउझरला सांगते. फ्रेंच ‘कॅफे’च्या शेवटी डोक्यावर तिरकी रेघ असलेला ‘ई’ असतो. विंडोज-१२५२ या जुन्या एन्कोडिंगमध्ये तो 233 हा एक बाइट. यूटीएफ-८मध्ये 195 आणि 169 असे दोन. फाइल जुन्या एन्कोडिंगमध्ये सेव्ह झालेली असेल आणि वर यूटीएफ-८ची पाटी लावली, तर एकटा 233 ब्राउझरला कळत नाही; तिथे काळ्या चौकटीतलं प्रश्नचिन्ह येतं. शिवाय सर्व्हर पानासोबत जो कंटेंट-टाइप हेडर पाठवतो, त्यात एन्कोडिंग दिलेलं असेल, तर मेटा ओळीला कोणी विचारत नाही. ती पानाच्या पहिल्या 1024 बाइटांत असावी लागते, हेही या सल्ल्यात कधी नसतं.

फॉन्टचा मुद्दा एका वाक्यात संपतो. फॉन्टमध्ये अक्षर नसेल तर रिकामा चौकोन दिसतो किंवा ते दुसऱ्याच फॉन्टमधून उचललं जातं. एका अक्षराची दोन विचित्र अक्षरं फॉन्ट करत नाही.

खरा घोळ डेटाबेसमध्ये असतो. मायएसक्यूएल या डेटाबेसच्या जुन्या आवृत्त्यांत डीफॉल्ट लॅटिन१ (पश्चिम युरोपीय भाषांचं जुनं एन्कोडिंग) होतं. ॲप्लिकेशन यूटीएफ-८चे बाइट पाठवतं, कनेक्शन मात्र ‘हे लॅटिन१ आहे’ असं सांगतं, आणि लॅटिन१ कॉलममध्ये ते बाइट जसेच्या तसे जाऊन बसतात. वाचतानाही तीच थाप मारली जाते, त्यामुळे पान वर्षानुवर्षं झकास दिसतं. म्हणून ‘नीट दिसलं की काम झालं’ हा निकष कुचकामी आहे: दोन चुका एकमेकींना झाकत असतात, आणि नव्या ड्रायव्हरने (ॲप्लिकेशनला डेटाबेसशी जोडणाऱ्या सॉफ्टवेअरने) कनेक्शन यूटीएफ-८ केलं की उघड्या पडतात.

आता अशा टेबलावर थेट कन्व्हर्ट चालवलं तर? 195 आणि 169 ही दोन वेगळी अक्षरं समजली जातात आणि प्रत्येकाचे पुन्हा दोन बाइट होतात: 195, 131, 194, 169. एका अक्षराचे चार बाइट, आणि यावेळी ते डेटाबेसमध्ये कायम झालेले. योग्य वाट अशी: बॅकअप घ्या, कॉलम आधी बायनरी (अक्षरं नव्हे, नुसते बाइट) प्रकारचा करा, मग तोच यूटीएफ८एमबी४चा, म्हणजे मायएसक्यूएलमधल्या पूर्ण यूटीएफ-८चा, मजकूर म्हणून घोषित करा. पहिल्या पायरीने बाइट गोठतात, दुसरीने फक्त पाटी बदलते. त्याआधी साठवलेले बाइट दाखवणाऱ्या हेक्स फंक्शनने दोन-चार ओळींचे बाइट पाहा. काही ओळी खऱ्या लॅटिन१मध्येही असू शकतात, आणि मग सगळ्या टेबलाला एकच औषध चालत नाही.

जिथे साधं प्रश्नचिन्ह साठवलं गेलंय, म्हणजे 63 हा बाइट, तिथे मूळ अक्षर गेलेलंच आहे. पोलिशमधला आडव्या रेघेचा ‘एल’ लॅटिन१मध्ये बसतच नाही, तेव्हा असं होतं. बॅकअपशिवाय तो परत येणार नाही, कोणी काहीही स्क्रिप्ट देवो.

बाइट अगदी बरोबर असूनही शोधात शब्द सापडत नाही, असंही होतं. युनिकोडमध्ये (यूटीएफ-८ ज्यावर आधारलेलं आहे त्या अक्षरसूचीत) तो तिरक्या रेघेचा ‘ई’ एक सलग अक्षर म्हणून लिहिता येतो किंवा साधा ‘ई’ आणि पुढे जोडचिन्ह असाही. दिसतात सारखे, बाइट वेगळे. मॅकच्या जुन्या एचएफएस प्लस फाइल प्रणालीत फाइलींची नावं दुसऱ्या प्रकारे साठवली जात. अशी फाइल लिनक्स सर्व्हरवर गेली की डोळ्यांना बरोबर दिसणारी लिंक 404, म्हणजे ‘सापडलं नाही’, देते. त्यासाठी मजकूर आत घेतानाच एनएफसी, म्हणजे सलग अक्षराच्या, रूपात आणावा लागतो.