भिंती कार्नेगीच्या, दिवाबत्ती कोणाची?

शाळेच्या ग्रुपवर येणारी गुड मॉर्निंगची फुलं आणि गुडघेदुखीवरचे काढे मी एरवी न बघताच पुढे ढकलतो. गेल्या महिन्यात मात्र आमच्या गावच्या वाचनालयाची इमारत पाडायची की ठेवायची यावरून तिथे जुंपली आणि मी जेवण सोडून वाचत बसलो. गाव तालुक्याचं. नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण असली भांडणं निम्म्या महाराष्ट्रात चालू असतील. वाडा एका सावकाराने दिलेला, दारावर त्याचं नाव. आता एक बिल्डर म्हणतो, खाली गाळे, वर वाचनालय, सगळं माझ्या खर्चाने, फक्त नाव माझ्या वडिलांचं. निम्म्या ग्रुपचं म्हणणं, सावकाराचं नाव पुसायलाच हवं, लोकांच्या जमिनी गिळल्या त्याने. उरलेले म्हणतात, मग हा तरी कुठला संत लागून गेला? तेवढ्यात, पाचवी ते दहावी माझ्याच बाकावर बसलेल्या एकाने टाकलं: "अमेरिकेत बघा. त्या पोलादसम्राट कार्नेगीने गावोगाव लायब्ररी बांधून दिल्या. आपले पैसेवाले नुसते देवळांना कळस चढवतात." खाली सदतीस अंगठे.

माझं डोकं फिरलं ते या सदतीस अंगठ्यांनी.

मी राहतो इंडियानात, कोलंबस नावाच्या गावी. पुण्यात कोथरूडला 1962 पासून ज्या कमिन्सचा कारखाना आहे त्या कमिन्सचं हे माहेर. त्यामुळे क्रोगरमध्ये कोथिंबीर निवडताना शेजारून "अगं बाई, किती महाग" असं ऐकू आलं तर इथे कोणी वळूनही बघत नाही. आणि कार्नेगीच्या लायब्रऱ्या म्हणाल तर सगळ्यात जास्त याच राज्यात, 164. अख्ख्या अमेरिकेत 1,689 बांधल्या गेल्या, हे लक्षात घेतलं तर मक्याच्या शेतांनी भरलेल्या या राज्याने किती हात मारला ते कळेल. लेकीला व्हॉलीबॉलच्या टूर्नामेंटला कुठे तरी दूर सोडलं की मधल्या वेळात मी त्या गावातली कार्नेगी शोधून काढतो. आत्तापर्यंत 31 झाल्या. बायको याला माझी तीर्थयात्रा म्हणते, आणि म्हणताना कौतुकाने म्हणत नाही.

आता मला नवीन गावात शिरण्याआधीच सांगता येतं इमारत कशी असणार ते. कोर्टहाउसच्या चौकापासून एक-दोन गल्ल्यांवर. विटांची नाहीतर इथल्या चुनखडी दगडाची. दारापर्यंत चांगल्या आठ-दहा पायऱ्या, खाली अर्धं जमिनीत गेलेलं तळघर. वाचायच्या खोलीत खिडक्या उंचावर, कारण त्यांच्याखाली भिंतीला लागून पुस्तकांची कपाटं बसवायची असतात. मधोमध ग्रंथपालाचं टेबल, एकट्या बाईला तिथून सगळीकडे नजर ठेवता यावी असं. एवढा सारखेपणा आपोआप येत नाही. कार्नेगीचा सेक्रेटरी जेम्स बर्ट्राम गावांनी पाठवलेले नकाशे तपासायचा आणि घुमट, खांब, शेकोट्या अशा मिरवायच्या गोष्टींवर पैसे उडवू द्यायचा नाही. 1911 साली त्याने तर इमारत कशी असावी याचं पत्रकच छापलं. त्यात 'बिल्डिंग' या शब्दातला यू गाळला होता, कारण कार्नेगीला इंग्रजी शुद्धलेखन सोपं करायचं खूळ होतं. आपल्याकडे ऱ्हस्वदीर्घावरून दर दोन वर्षांनी रणं माजतात तेव्हा मला हटकून बर्ट्राम आठवतो.

पण मुद्दा पायऱ्यांचा नाही. मुद्दा अटीचा आहे आणि ती अट त्या सदतीस जणांपैकी एकालाही माहीत नव्हती. कार्नेगी फुकट काही देत नसे. गावाने अर्ज करायचा, जागा गावाने द्यायची, आणि देणगीच्या दहा टक्के रक्कम दर वर्षी गावाच्या करातून लायब्ररीवर खर्च करू असा ठराव करून पाठवायचा. दहा हजार डॉलर हवेत तर दर वर्षी हजार डॉलर, तेही कायमचे. पुस्तकं त्याची नव्हेत, पगार त्याचा नव्हे, कोळसासुद्धा त्याचा नव्हे. भिंती त्याच्या, दिवाबत्ती गावाची. लहान गावांना हे झेपेना तेव्हा आसपासच्या टाउनशिपने (इथल्या जिल्ह्याचा लहान विभाग) हात लावला. बायकांच्या क्लबांनी दारोदार फिरून पुस्तकं जमवली, नवऱ्यांच्या मागे लागून ठराव पास करून घेतले. आपलं नाव इमारतीला दिलंच पाहिजे असा हट्ट मात्र कार्नेगीचा नव्हता. कित्येक दारांवर नुसतं 'पब्लिक लायब्ररी' कोरलेलं आहे.

आपल्याकडे देऊळ बांधून झालं की नंदादीपासाठी वर्षासन लावून द्यायची रीत होती. अहिल्याबाईंना ठाऊक होतं की कळस एकदाच चढतो, तेल रोज लागतं. कार्नेगीने ते वर्षासन उलटं केलं, देऊळ माझं आणि वर्षासन तुमचं. म्हणजे मित्राने लिहिलं त्याच्या नेमकं उलट आहे हे. इंडियानातल्या गावांना धनिक भेटला म्हणून लायब्ररी मिळाली हे अर्धंच खरं. या गावांनी स्वतःवर कर लावून घेतला, शंभर वर्षं भरला, अजून भरतात. मे आणि नोव्हेंबरच्या 10 तारखेला मी प्रॉपर्टी टॅक्स भरतो, त्याच्या कागदावर काउंटी (म्हणजे इथला जिल्हा), शाळा यांच्या रांगेत लायब्ररीची ओळ वेगळी असते. ती ओळ मी बोट ठेवून वाचतो. बाकी ओळींवर चिडतो, त्या एकीवर नाही.

महाराष्ट्राचा ग्रंथालय कायदा 1967 चा. त्यात ग्रंथालयासाठी उपकर नाही. तामिळनाडूने, तेव्हाच्या मद्रासने, 1948 सालीच मालमत्ता करासोबत तो लावला. आपण अनुदान निवडलं. अकरा-बारा हजार वाचनालयं, त्यांना अ, ब, क, ड असे वर्ग आणि वर्गाप्रमाणे हप्ता. हप्ता लांबला की ग्रंथपालाचा पगार लांबतो. पैसेवाल्यांची दानत नाही म्हणून हे होत नाही. रत्नागिरीचं नगर वाचनालय 1828 चं, नाशिकचं सार्वजनिक वाचनालय 1840 चं, पुण्याचं नगर वाचन मंदिर 1848 चं. त्या वर्षी कार्नेगी हा विणकराचा पोर स्कॉटलंडहून नुकता अमेरिकेत उतरला होता आणि पुढे आठवड्याला एक डॉलर वीस सेंटवर सूतगिरणीत राबणार होता. तेव्हा आम्हाला कोणी गावोगाव लायब्ररी म्हणजे काय ते शिकवू नये. (हे मी ग्रुपवर असंच लिहिलं. तीन अंगठे.)

सावकाराच्या नावाबद्दलही मला बोलायचं होतं. कार्नेगीचे पैसे काय गंगेत धुतलेले होते? 1892 साली होमस्टेडच्या त्याच्या पोलाद कारखान्यात संप झाला. मालक स्कॉटलंडमध्ये हवा खात होता आणि इथे त्याच्या मॅनेजरने, फ्रिकने, बोटीत घालून तीनशे पिंकर्टन, म्हणजे भाडोत्री बंदूकधारी पहारेकरी, आणले. गोळीबार झाला, दोन्हीकडची माणसं मेली, युनियन मोडली. सहा वर्षांनी तिथेच लायब्ररी उभी राहिली. बारा तास भट्टीपुढे उभं राहिल्यावर वाचायचं कधी, असं कामगार विचारत, आणि मला अजून त्यावर उत्तर सापडलेलं नाही. 1901 साली त्याने धंदा बँकर मॉर्गनला 48 कोटी डॉलरला विकला, त्यानंतर दानाचा ओघ वाढला. मुंबईत काळ्या घोड्यासमोरच्या डेव्हिड ससून लायब्ररीच्या लाकडी आरामखुर्चीत मी दुपारच्या दुपारी काढल्या आहेत. ससूनचा पैसा कापसाचा तसाच अफूचाही. खुर्ची मऊ होती. नाव ठेवा, खाली खरा इतिहास लिहा, असं माझं मत. ते कोणालाच पटलं नाही, म्हणजे बहुधा बरोबर असावं.

आणि इथलं सगळं गोजिरवाणं होतं असंही नाही. याच राज्यात इव्हान्सव्हिलला 1914 साली काळ्या लोकांसाठी कार्नेगीच्या पैशाने वेगळी शाखा उघडली. गावाच्या कराने चालणारी लायब्ररी, पण 'गाव' कोणाचं ते आधी ठरलेलं. शिवाय काही गावांनी दहा टक्क्यांचा शब्द पाळला नाही. 1916 च्या सुमारास अल्विन जॉन्सन नावाच्या अर्थशास्त्रज्ञाने फिरून अहवाल दिला, की इमारती झाल्या, आता शिकलेले ग्रंथपाल तयार करायला पैसे द्या. बर्ट्रामला ते रुचलं नाही. पुढल्या वर्षी नव्या इमारतींचं दान थांबलं. शंभर वर्षं होऊन गेली, तिकडे आमच्या गावात तीच गोष्ट पोचायची आहे.

आमच्या कोलंबसची लायब्ररी आता कार्नेगीच्या इमारतीत नाही. 1969 साली वास्तुविशारद आय. एम. पेई यांनी नवी लायब्ररी बांधली, समोर शिल्पकार हेन्री मूरची कमान आहे. तिला नाव दिलंय क्लिओ रॉजर्स यांचं. त्या कोण तर गावच्या ग्रंथपाल. उद्योगपती गावात होते, जे. अर्विन मिलर, कमिन्सचे. पण त्यांचंही धोरण कार्नेगीसारखंच: गावाने यादीतला चांगला वास्तुविशारद निवडला तर त्याची फी कमिन्स फाउंडेशन देणार, बांधकामाचा खर्च गावाचा. ग्रंथपाल बाईचं नाव इमारतीवर! हे वाक्य मी ग्रुपवर उद्गारचिन्हासकट टाकलं आणि तिथेच माझी पायरी चुकली.

"तू डॉलरमध्ये बसून बोलतोस. गळकं छत इथे आहे," बाकावरचा मित्र म्हणाला. "वीस वर्षांत वाचनालयात पाय ठेवलास?"

मी खोडून काढायला बसलो होतो. मी या काउंटीच्या लायब्ररी बोर्डाच्या मीटिंगला जाऊन मागच्या बाकावर बसतो. मुलीच्या समर रीडिंगच्या तक्त्यावर पुस्तकांची नावं माझ्या अक्षरात आहेत. फोन आला की पंधरा मिनिटांत होल्ड शेल्फवरून माझ्यासाठी राखलेलं पुस्तक उचलतो. हे सगळं लिहिलं, आणि पाठवायच्या आधी वाचलं. त्यात गावच्या वाचनालयाबद्दल एक अक्षर नव्हतं.

खरं सांगायचं तर थोडं होतं, पण लिहिण्यासारखं नव्हतं. चार वर्षांपूर्वी आप्पा गेले तेव्हा मी वाचनालयाच्या कार्यवाहांना मेल केला होता, की वडिलांच्या नावाने अभ्यासिका बांधायची आहे, पैसे पाठवतो. संगमरवरी पाटीचा मजकूरसुद्धा जोडला होता, दोनदा तपासून. त्यांचं उत्तर तिसऱ्या दिवशी आलं. आप्पांबद्दल चार फार चांगली वाक्यं, मग असं: अभ्यासिका आहे. अडचण ग्रंथपालांच्या पगाराची आहे. दरमहा काही रक्कम दहा वर्षं पाठवू शकलात तर मोठी मदत होईल, पाटी मात्र लावता येणार नाही.

मी उत्तर दिलं नाही. नाही म्हणायचं नव्हतं आणि हो म्हणायला वेळ झाला नाही. त्या मेलवर मी लावलेला पिवळा तारा अजून आहे.

भांडणानंतरच्या रविवारी मी वाचनालयात फोन लावला. ग्रंथपाल बाईंनी आवाजावरून नाही, आप्पांच्या नावावरून ओळखलं. आप्पांचं सभासद कार्ड त्यांनी अजून ट्रेमधून काढलेलं नाही म्हणाल्या, शेवटचं पुस्तक त्यांनी वेळेवर परत केलं होतं. मागे पंखा कटकट वाजत होता, तोच असावा. मी म्हटलं, पगाराचं बघतो, आणि मला सभासद व्हायचंय. त्या हसल्या नाहीत. अनामत सांगितली, वर्गणी सांगितली. "एका जुन्या सभासदाची जामीनकीची सही लागेल. आणि पत्ता गावातला हवा बरं का, तो नियम आहे."

नियम मला नवा नव्हता. मागे इथल्या काउंटरवर माझ्या पुढे एक म्हातारा उभा होता. त्याची टाउनशिप कुठल्याच लायब्ररी डिस्ट्रिक्टमध्ये नव्हती, म्हणजे कर नाही. काउंटरवरच्या मुलीने त्याला गोड आवाजात सांगितलं, की बाहेरच्यांसाठी वर्षाची फी आहे, ती घेणं राज्याच्या कायद्याने बंधनकारक आहे. तो नातवाचा हात धरून निघून गेला. मी मागे उभा राहून मान हलवली होती, की बरोबर आहे, जो भरतो त्याची लायब्ररी. खिशात माझं विजेचं बिल होतं, माझ्या पत्त्याचं.

गावचं घर आम्ही आप्पा गेल्यावर वर्षभरात विकलं. सह्या मीच केल्या, वकिलातीत नोटरी करून, शिकागोला जाऊन.

जामीन कोण राहणार? माझ्या वर्गातले वाचनालयाचे सभासद दोघंच उरलेत, त्यातला एक सध्या मुलाकडे पुण्यात. उरला तो बाकावरचा. सगळं भांडण वर सरकवून मी त्याला वेगळा मेसेज केला, की फॉर्मवर सही लागेल तुझी, करशील का?

लगेच उत्तर आलं. "करतो की, त्यात काय. उद्या जातोच आहे पुस्तक बदलायला." मग थोड्या वेळाने: "अरे, पत्त्याच्या रकान्यात काय लिहू?"

या गोष्टीला आठ दिवस झाले. मी अजून कळवलेलं नाही.