नैराश्याच्या गोळ्या बंद करायला सांगणारा तो मेसेज चुकीचा आहे

सांगली-मिरजेच्या ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय: ‘रोज शवासन आणि दीर्घ श्वसन करा, नैराश्याच्या गोळ्या आजच बंद करा, त्यांची सवय लागते.’ यातलं शवासन चांगलंच आहे, बाकीचं धोक्याचं.

या गोळ्यांचा गुण यायला साधारण २ ते ६ आठवडे लागतात. बरं वाटायला लागल्यावरही त्या निदान ६ महिने घ्याव्या लागतात, नाहीतर आजार उलटू शकतो. एकदम सोडल्या तर चक्कर येते, मळमळतं, झोप उडते, डोक्यात झटके बसल्यासारखं होतं. लोक त्यालाच ‘सवय’ म्हणतात. दारूसारखी तलफ मात्र यांची लागत नाही. (झोपेच्या काही गोळ्यांची सवय लागते, त्या वेगळ्या.) बंद करायच्याच तर डॉक्टरांना विचारून, डोस हळूहळू कमी करत.

गोळीच्या जोडीला शिथिलीकरण, म्हणजे अंग सैल सोडण्याचा व्यायाम, जरूर करा. मुठी घट्ट आवळा, पाचेक सेकंद धरा, सैल सोडा. मग खांदे, जबडा, पोटऱ्या. अंगातला ताण उतरतो, झोपेला मदत होते. सांगलीच्या आमराई बागेत फिरायला जाता, तिथल्या बाकावरही जमेल.

आणि घरात कुणी जीव द्यायची भाषा करत असेल, तर त्याला एकटं सोडू नका. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत क्रमांक आहे, लगेच फोन लावा.