मॉर्टार, टोमाहॉक आणि मुंजीची पत्रिका

कॉम्प्युटरचा प्रोसेसर निवडणं सोपं असतं. खिशात जितके पैसे, तितका प्रोसेसर. रॅमचंही तेच. हे सगळे ज्यावर बसतात त्या मदरबोर्डाची जातच वेगळी. तो स्वतः काही करून दाखवत नाही, बाकीच्यांना काय करता येणार नाही तेवढं ठरवतो. प्रत्येक घरात असा एक थोरला काका असतोच.

मी नाशिकला, इंदिरानगरात, घरीच डीटीपीची कामं करतो. लग्नपत्रिका, मुंजीच्या पत्रिका, लेटरहेड, आणि निवडणुका लागल्या की फ्लेक्स. ऐन मुंजींच्या हंगामात बोर्डाने मान टाकली. पंखा फिरतोय, स्क्रीन काळा. मी म्हटलं, बोर्डच बदलायचा ना, बाकी सगळं धडधाकट आहे. पण माझा प्रोसेसर चौथ्या पिढीचा, म्हणजे २०१३ च्या सुमाराचा. त्याचं सॉकेट, म्हणजे बोर्डावरची त्याची बैठक, ११५०; रॅम डीडीआर३, म्हणजे तिसऱ्या पिढीची. आजच्या बोर्डांपैकी कुणी त्यांना ओळखसुद्धा दाखवत नाही. रॅमची खाच डीडीआर३ ला एका जागी, ४ ला दुसऱ्या, ५ ला तिसऱ्या. चुकीची रॅम बसतच नाही, ही या धंद्यातली एकमेव माणुसकी. थोडक्यात, गेला एक आणि घरी बसले तिघे.

भाचा इंजिनिअरिंगला आहे. त्याने त्याच रात्री एक्सेलमध्ये तक्ता केला. "मामा, आधी सॉकेट ठरव." एएमडी कंपनीचं एएम४ सॉकेट आलं २०१६ मध्ये आणि नंतर कितीतरी वर्षं त्यावर नवे प्रोसेसर येत राहिले. एएम५ आलं २०२२ मध्ये, त्याला डीडीआर५ च लागते. इंटेलच्या १७०० वर बारावी, तेरावी, चौदावी अशा तीन पिढ्या नांदल्या आणि २०२४ मध्ये इंटेलने १८५१ काढून नवं बिऱ्हाड थाटलं. "एएम५ घे मामा, पुढे लागेल."

हे 'पुढे लागेल' तिथून जे मानगुटीवर बसलं ते उतरेचना. चार रॅम स्लॉट? पुढे लागतील. एसएसडी लावायच्या तीन एम डॉट टू जागा? पुढे लागतील. अडीच गिगाबिटचं लॅन? अर्थातच. माझ्या गेलेल्या बोर्डावरही चार स्लॉट होते. त्यांतल्या दोघांनी शेवटपर्यंत फक्त धूळ साठवली.

मग बोर्डांची नावं. मॉर्टार. टोमाहॉक. स्टील लेजेंड. टफ गेमिंग. यादी वाचताना वाटावं, आपण कॅनडा कॉर्नरच्या दुकानात नसून देवळालीच्या तोफखान्यात भरतीला आलोय. मला 'चि. बटूस शुभाशीर्वाद देण्यास अगत्य येण्याचे करावे' एवढं नीट जुळवायचंय, त्याला टोमाहॉक कशाला?

नावापुढची अक्षरं त्याहून गहन. इंटेलच्या बाजूला एच ६१० म्हणजे गरीब, बी ७६० म्हणजे मध्यमवर्गीय, झेड ७९० म्हणजे गंगापूर रोडला बंगला. झेड घेतला की प्रोसेसर ओव्हरक्लॉक करता येतो, म्हणजे कंपनीने सांगितलंय त्याहून जोरात पळवता येतो. तोही 'के' वाला प्रोसेसर असेल तर. कोरल ड्रॉमध्ये गणपतीची सोंड डावीकडून उजवीकडे न्यायला एवढा वेग लागत नाही. शेवटी 'डी४' असेल तर डीडीआर४ चालते. एवढं एक शेपूट नजरेतून सुटलं की रॅम परत करायला दुकानात.

दुकानदार म्हणाले, "सर, ते सगळं सोडा, फेज बघा." पॉवर सप्लायकडून येतात बारा व्होल्ट, प्रोसेसरला लागतो जेमतेम एक-सव्वा. मधली उतरंड बोर्डावरचं व्हीआरएम नावाचं सर्किट करतं, आणि फेज म्हणजे त्याचे हिस्से. फेज जास्त असले की भार वाटला जातो आणि बोर्ड कमी तापतो. हे मला मनापासून पटलं. फक्त माझा नवा प्रोसेसरही पासष्ट वॅटचाच. त्याला सोळा फेज म्हणजे मुंजीला हजार पानांचा केटरर.

"इंटेलचा आधीच्या सहाशे मालिकेतला बोर्ड स्वस्तात देतो," ते म्हणाले. त्यावर तेरावी-चौदावी पिढी चालते, पण बोर्ड जुन्या साठ्यातला असेल तर आधी बायोस, म्हणजे बोर्डातच भरलेला सुरुवातीचा प्रोग्राम, अपडेट करावा लागतो. आणि बोर्डावर त्याची खास सोय नसेल, तर अपडेट करायला कॉम्प्युटर चालू पाहिजे, आणि कॉम्प्युटर चालू व्हायला अपडेट पाहिजे. सरकारी दाखले काढलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही.

मेव्हण्यांचा फोन आलाच. "पंचवटी एक्सप्रेस पकड, मुंबईत लॅमिंग्टन रोडला स्वस्त मिळेल." वॉरंटीत बिघडला तर पुन्हा पंचवटी. राहू दे.

मी तक्ता बाजूला ठेवला आणि जुन्या कॅबिनेटची मागची बाजू बघितली. खरी गरज तिथे लिहिलेली असते. मॉनिटर व्हीजीएचा. यूएसबीला प्रिंटर, स्कॅनर, कीबोर्ड, माउस आणि मराठी फॉन्टचं डोंगल. त्या हिशेबाने बी ७६० घेतला, डीडीआर४ चा. मायक्रो एटीएक्स, म्हणजे जास्तीत जास्त २४४ बाय २४४ मिलिमीटर, जुन्या कॅबिनेटात बसणारा. रॅमचे स्लॉट दोनच. नावात एकही शस्त्र नाही. भाच्याने खोकं उलटसुलट करून पाहिलं. "लाइटपण नाहीत?" म्हणाला, आणि दुसऱ्याच्या घरचं भांडं परत करावं तसं ते माझ्या हातात दिलं.

दुकानातल्या पोराने प्रोसेसर सॉकेटवर अलगद ठेवला. खाली दीड हजाराहून जास्त केसासारख्या पिना, एखादी वाकली तरी बोर्ड बाद. आणि मग त्याच हाताने त्याने लोखंडी दांडी अशी काही दाबली की आतून करकर आवाज आला. मी डोळे मिटले. "असाच येतो आवाज, काका." सॉकेटवरची काळी प्लॅस्टिकची टोपी टणकन उडून काउंटरखाली गेली. पोराने ती पालथं पडून शोधून काढली. वॉरंटीत बोर्ड परत करायची वेळ आली तर पिनांवर ही टोपी हवीच, नाहीतर घेत नाहीत म्हणे. मी ती शर्टाच्या खिशात टाकली.

रात्री धुणं भिजवताना बायकोला ती सापडली.

"हे काय?"

"तीन वर्षांची वॉरंटी."

"बिल कुठाय मग?"

बिल पँटच्या खिशात होतं. पँट बादलीत होती.